पाटावर न ठेवलेले चारशे

८ जानेवारी २०१८, सोमवार

ऑफिसातल्या हर्षलाने आज चहाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. दरवर्षी सोबत मिठाईचा पुडा असतो, यंदा नव्हता. मी काही डायरी लिहिणारी बाई नाही. कामावर दिवसभर रजिस्टर भरते, लिहिण्याची हौस तिथेच फिटते. पण पंचवीस दिवस झाले, एक गोष्ट पोटात आहे आणि ती कुणाला सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते. ही वही माझ्या साड्यांच्या खाली राहील.

साजगावच्या आमच्या फॅक्टरीत परदेशातल्या एका व्हिडिओ गेमची खेळणी बनतात. वीतभर उंचीचे प्लास्टिकचे प्राणी, आम्ही त्यांना फिगर म्हणतो. प्रत्येकाच्या तळाशी नखाएवढी चकती बसवलेली असते. पोरांनी ती फिगर एका गोल बैठकीवर ठेवायची. बैठकीची वायर टीव्हीला. ठेवली की हिरवा दिवा लागतो आणि तोच प्राणी पडद्यावर जिवंत होऊन चालायला लागतो. बैठकीला इंग्रजीत काय म्हणतात ते रजिस्टरात आहे, आम्ही बायका तिला पाट म्हणतो. टेस्टिंगच्या टेबलाची मुख्य मी. प्रत्येक फिगर पाटावर ठेवायची, दिवा लागला की रजिस्टरात खूण करायची आणि पॅकिंगला द्यायची. सहा वर्षं हेच करते आहे.

१४ डिसेंबरला ट्रक गेटवर उभा होता. मॅनेजर ठोंबरे साहेब दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होते. एवढी घाई मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. शंभर शंभरचे चार ट्रे राहिले होते आणि तीनपैकी दोन पाट बंद पडलेले. मी रजिस्टरात चारशे खुणा केल्या आणि ट्रे पुढे ढकलले. चारशे घुबडं. एकही पाटावर ठेवलं नव्हतं.

टेबलावरच्या बाकीच्या तिघी जेवायला गेल्या होत्या. कुणाला माहीत नाही.

१७ जानेवारी, बुधवार

नवीन ऑर्डर आलेली नाही. पेंटिंगच्या खोलीत बावीस बायका आहेत, त्यांना आज जुन्या ब्रशांची सफाई करायला लावली. साहेब म्हणाले, "ख्रिसमसनंतर असंच असतं. फेब्रुवारीत बघा, श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही."

मागच्या जानेवारीत असं नव्हतं. मी जुनं रजिस्टर काढून पाहिलं. एवढंच लिहिते.

२५ जानेवारी, गुरुवार

आज आवडीताईने मला फार मोठ्या पेचात टाकलं. तिला ते कळलंही नाही.

आवडीताई ठाकुरवाडीकडच्या वाडीवरची. पंचेचाळिशीची असेल. डोंगरातून पाऊण तास उतरून फाट्यावर येते आणि तिथून कंपनीच्या टेंपोने कामावर. फिगरचे डोळे ती रंगवते. बुबुळातला तो पांढरा ठिपका तिच्यासारखा कुणाला जमत नाही. तिच्यामागे वाडीवरच्या आणखी आठ जणी इथे लागल्या. पूर्वी दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जायची ती. तीन वर्षं झाली, जात नाहीत.

जेवताना म्हणाली, "बाय, भट्टीवाल्याचा टेंपो काल पुना आलता वाडीवर. मानसं कमी पडतात म्हंतो. मंगळीचा नवरा म्हंतो जाऊ. मी काय सांगू त्यास्नी? हितलं काम टिकतंय ना?"

माझ्या तोंडून निघालं, "टिकेल गं. साहेब फेब्रुवारी म्हणालेत."

"तू म्हंतेस तर मी टेंपो परत लावते."

मी म्हणते म्हणून. 

२९ जानेवारी, सोमवार

जे व्हायचं होतं ते झालं. माल परत आला.

सकाळी गोडाऊनपाशी टेंपोतून बारा खोकी उतरवत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळ गेले आणि लेबलं वाचली. १४ डिसेंबरचीच. घुबडांची. खोकी अगदी जशी गेली तशीच होती, चिकटपट्टीसुद्धा फाडलेली नाही. आता तिकडे मशीन असेल, बाहेरूनच कळत असेल आतली चकती चालते की नाही ते. बंदरात तपासली असतील आणि नापास करून पाठवली असतील.

साहेब पायरीवर उभे होते. माझ्याकडे बघून हसले. यात माझा हात आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही असं दिसतं.

४ फेब्रुवारी, रविवार

रियाला शाळेचे बूट घ्यायला पनवेलला गेलो होतो, माझा नवरा किरण, मी आणि ती. मोठ्या दुकानात खेळण्यांच्या भागात दाराशीच जाळीची टोपली होती आणि तिच्यात आमच्या फिगर. ढीग. एकीवर एक, शिंगं अडकलेली. वर लाल कागद, तीन घ्या दोनच्या भावात. मी एक उचलली. डोळे आवडीताईचे होते, मी लाखात ओळखीन. वर धूळ होती.

दुकानातल्या पोरीला विचारलं तर म्हणाली, "कोण नाय घेत आता, काकू. पोरं मोबाईलवर खेळतात, फुकटात. वर्षभर पडून आहे हे सगळं."

तिला बिचारीला काय माहीत. माल खराब निघाला म्हणूनच असा टोपलीत टाकलेला असणार. त्याच टोपलीत दुसऱ्या दोन कंपन्यांच्या फिगरही होत्या, अशाच पाटावर ठेवायच्या. त्यांच्याही चकत्या बिघडल्या असतील.

रिया म्हणाली, "आई, तू रडतेस का?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा नमुना आला. जुनाच हत्ती, पण तळाशी चकतीची खाच नाही. भरीव. डोक्यावर कडी, किल्ल्या अडकवायला. साहेब म्हणाले, आता हेच बनवायचं, शंभर-दोनशे नग, चाचणीपुरते. पाटाची गरज नाही.

म्हणजे चकतीवरचा त्यांचा विश्वासच उडाला. माझ्या चारशे खुणांमुळे चकतीच काढून टाकली. टेस्टिंगच्या टेबलावर आम्ही चौघी दिवसभर हात बांधून बसलो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

टेस्टिंगचा टीव्ही सवयीने चालू केला. गेम सुरू होण्याआधी एक नवीन पान आलं, इंग्रजीत. हळूहळू वाचलं. एवढी वर्षं खेळल्याबद्दल आभार मानले आहेत. खाली सगळ्या प्राण्यांचं एकत्र चित्र, सगळे हात हलवतायत. एरवी हे पान नसतं. छान वाटलं बघून. माल खराब गेला तरी माणसं सभ्य आहेत.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पेंटिंगमधल्या अकरा जणींना आज घरी बसायला सांगितलं. "बोलावू तेव्हा या." अकरांत वाडीवरच्या पाच, मंगळी धरून. मंगळी बावीस वर्षांची आहे, दीड वर्षाची मुलगी सासूपाशी ठेवून येते. तिने गेटपाशी मला थांबवलं.

"ताई, तुमीच बोल्ला व्हता ना आवडीमावशीला, काम टिकल म्हनून?"

मी हो म्हटलं.  ती टेंपोत चढून बसली.

किरणला सांगितलं शेवटी, सगळं. १४ डिसेंबरपासूनचं. तो मोटरची तार बांधत होता, दुरुस्तीच्या दुकानातलं काम घरी आणतो कधीकधी. तारेचं भेंडोळं खाली ठेवून म्हणाला, "आणि हे तू आता कुणाला सांगणार आहेस?"

"साहेबांना."

"वेडी आहेस का तू? बावीस बायकांचं खापर स्वतःहून डोक्यावर घेणार?"

"माझंच आहे ते. आणि त्यांना कारण कळलं तर ते तिकडे कळवतील ना, की चूक एका बाईची आहे, बाकीचा माल चांगला आहे. ऑर्डर परत सुरू होईल."

त्याने मोटर बाजूला सरकवली. मग म्हणाला, "रोहिणी, तू गप बस. मी तुझ्या पाया पडतो."

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी साडेदहाला साहेबांच्या केबिनमध्ये गेले.  टेबलाची कड धरून सगळं बोलले: ट्रक, बंद पडलेले पाट, चारशे खुणा. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले, खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाले, "बसा ताई. चहा घ्या." सहा वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले.

कोणत्या लॉटबद्दल बोलतेय, किती खोकी, काही विचारलं नाही त्यांनी. फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही हे लिहून द्याल?"

मी मराठीत अर्धं पान लिहून सही केली. ते म्हणाले, वर पाठवायला इंग्रजीत लागेल, मी करून घेतो. हर्षलाला बोलावून टाइप करायला सांगितलं. अर्ध्या तासाने दोन पानं आली. मी वाचायला लागले, पण अक्षर बारीक आणि भाषा अवघड. साहेब म्हणाले, तेच आहे तुमचंच. मी दोन्ही पानांवर सही केली. हर्षला शेजारी उभी होती. ती सारखी पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती.

निघताना साहेब म्हणाले, "खरं बोलायला धैर्य लागतं, ताई." डोळ्यात पाणीच आलं माझ्या. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा भाकरी गोड लागली. किरण उगाच घाबरतो. माणूस चांगला आहे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

गेटवर नोटीस लागली.

पेंटिंग आणि टेस्टिंग दोन्ही विभाग १ मार्चपासून बंद. कारण, विभागातील कामगारांनी संगनमताने न तपासलेला माल तपासल्याचे दाखवून कंपनीचे गंभीर नुकसान केले. तशी लेखी कबुली विभागप्रमुख श्रीमती रोहिणी किरण घारे यांनी दिली आहे. गैरवर्तन असल्याने कोणालाही नुकसानभरपाई देय नाही.

संगनमताने. मी असं लिहिलं नव्हतं. मी 'मी' लिहिलं होतं.

सव्वीस बायका गेटपाशी. पेंटिंगच्या बावीस, टेस्टिंगच्या आम्ही चार. घरी बसवलेल्या अकरांनाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं नोटीस दाखवायला. ज्यांना वाचता येतं त्या मोठ्याने वाचत होत्या. माझं नाव आलं तशी सगळ्यांनी माना वळवल्या.

माझ्याच टेबलावरची एक म्हणाली, "आम्ही कधी खोट्या खुणा केल्या गं? माझं नाव कशाला घातलंस?"

"मी नाही घातलं."

"सही तुझी आहे."

आवडीताई पुढे आली. तिने नोटिशीकडे बघितलंही नाही, तिला वाचता येत नाही. "बाय, आमी डोलं रंगवतो. चकतीला आमचा हातबी लागत नाय. आमी काय केलं?"

"काही नाही केलं तुम्ही."

"मंग ह्ये काय?"

मी केबिनच्या खिडकीकडे बघितलं. साहेब मुंबईला गेले होते.

२ मार्च, शुक्रवार

धुळवड. रिया बाहेर गेली आणि पाच मिनिटांत परत आली. गल्लीतल्या दोघी आमच्याच फॅक्टरीत होत्या, त्यांच्या पोरींनी तिला खेळायला घेतलं नाही. ती कोरड्या कपड्यांनीच जेवायला बसली.  किरण "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

५ मार्च, सोमवार

ठरवलं. ती चारशे घुबडं गोडाऊनमध्ये पडलेली आहेत. किती खराब आहेत ते मला बघायचंय. बुडवलं असेल तर किती बुडवलं हे तरी कळू दे.

हर्षलाला फोन केला. तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उद्या साहेब नाहीत. टेस्टिंगचं सामान मोजून ताब्यात द्यायचं राहिलंय, त्यासाठी या. पण ताई, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. घरात मी एकटीच कमावती आहे."

६ मार्च, मंगळवार

गेटवर आवडीताई होती. तिचे ब्रश आत राहिले होते, तिने स्वतःच्या केसांनी बांधलेले दोन बारीक ब्रश. वॉचमन लडकूमामा तिला आत सोडेना. मी कशाला आले ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मीबी येते. त्यातलं डोलं माझं हायेत."

सामान मोजायला सोबत हवी म्हणून मी तिला आत नेलं. बारा खोक्यांतली माझ्या चार ट्रेंची ती चार लेबलावरून ओळखली. पट्टी कापण्याआधी मी मोबाईलवर फोटो काढले. मग एकच चालू पाट टीव्हीला जोडला. आवडीताई खोक्यातून काढून द्यायची, मी ठेवायची, हर्षला कागदावर रेघ मारायची.

पहिलं घुबड ठेवलं तेव्हा माझा हात पाटावरून निघत नव्हता. हिरवा दिवा लागला. दुसरं. हिरवा. दहा. पन्नास. मी मनात म्हणत होते, आता बंद निघतील, आता पुढच्या ट्रेमध्ये. शंभर झाले, दोनशे झाले. आवडीताई म्हणाली, "बाय, ह्ये तर समदे जागे हायेत." दुपारी तीन वाजता शेवटचं ठेवलं. चारशेत फक्त एक लागलं नाही. नेहमी तपासतो त्यात शंभरात एक-दोन बंद निघतातच.

"मग परत का आली ही खोकी?" मी विचारलं.

हर्षला खोक्यावर बसली होती. कागदावरच्या रेघा बघत म्हणाली, "ताई, उघडलीच नव्हती ती कुणी. तुम्हीच पट्टी कापलीत ना आत्ता."

मला तरीही कळेना. मग तिने सांगितलं. त्या परदेशी कंपनीचं पत्र नोव्हेंबरात आलं होतं. गेम कायमचा बंद. असल्या फिगरवाले सगळेच गेम जगभर एकामागून एक बंद पडतायत, पोरांना खेळणी विकत घेऊन खेळायचं नाही, दुकानं माल ठेवत नाहीत. १५ डिसेंबरनंतर जहाजावर चढलेला एकही नग घेणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणून १४ तारखेची ती घाई. ट्रक घाटाखाली अडकला, जहाज चुकलं, माल बंदरात पडून राहिला आणि तसाच परत आला.

"साहेबांना नोव्हेंबरपासून माहीत होतं?"

"हो. कंपनी बंद केली तर सगळ्यांना हक्काचं द्यावं लागतं. तुम्ही केबिनमध्ये आलात, आणि..." ती थांबली. "ते दुसरं पान मीच टाइप केलं, ताई."

पनवेलची टोपली आठवली. टीव्हीवरचे हात हलवणारे प्राणी आठवले. मी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला त्यात मीच दिसले.

आवडीताई ब्रश पदराला पुसत होती. म्हणाली, "मंजी आमचं काम नोवेंबरातच मेलंतं."

८ मार्च, गुरुवार

कामगार कार्यालयात अर्ज दिला. माझ्या टेबलावरच्या तिघी आल्या, पेंटिंगच्या सतरा आल्या. त्यांना चारशे फिगरची हकिकत सांगितली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी नुसतं "बरं" म्हटलं. पत्र नोव्हेंबरात आलं हेही सांगितलं, कुणाकडून कळलं ते नाही. सुनावणी २२ तारखेला. हर्षलाकडे पत्राची प्रत मागितली. तिने फोन उचलला नाही.

१५ मार्च, गुरुवार

फोन उचलत नाही अजून.

१९ मार्च, सोमवार

अर्ज लिहायला मदत करणारे वकील परवा म्हणाले, "तुम्ही सांगा की दोन्ही कागदांवर दमदाटी करून सही घेतली. खोट्या खुणा वगैरे काही झालंच नाही. रजिस्टर काय, कसंही लिहिता येतं. साधं होईल सगळं."

साधं होईल हे खरं आहे. चारशेपैकी तीनशे नव्याण्णव चालतात. मी ठेवल्या होत्या म्हटलं तर कोण नाही म्हणेल? किरण म्हणतो, तसंच सांग. दोन दिवस विचार करते आहे. 

२२ मार्च, गुरुवार

आज झालेलं सगळं लिहून काढायचं आहे, क्रमाने.

अधिकारी मॅडम होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला ठोंबरे साहेब, त्यांचा वकील, आणि मागे फायली सांभाळत हर्षला. ती खाली बघत होती. आमच्या बाजूला बाकावर मावल्या तेवढ्या बायका, बाकीच्या भिंतीला टेकून.

साहेबांच्या वकिलाने माझी दोन पानं पुढे केली. मॅडमनी विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"चारशे नग न तपासता खुणा केल्या, हे खरं आहे?"

आमचे वकील माझ्याकडे बघत होते. मागून कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, "खरं आहे, मॅडम. चारशे खुणा खोट्या आहेत. त्या मी केल्या, एकटीने. या बायकांना माहीतही नव्हतं. मी मराठीत तेवढंच लिहिलं. इंग्रजी पानावर जे जास्तीचं आहे ते माझं नाही, ते मला वाचून दाखवलं नाही."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेब मान हलवून हसले, गोडाऊनच्या पायरीवर हसले होते तसंच.

मग मी परत आलेल्या खोक्यांचं सांगितलं, पट्टीचे फोटो दाखवले, सगळं तपासलं ते सांगितलं. एक बंद निघालं तेही. मॅडम म्हणाल्या, "तो माल इथे आणता येईल?"

साहेबांचा वकील म्हणाला, "सदोष माल असल्यामुळे कंपनीने तो मागच्या आठवड्यात नष्ट केला."

आवडीताई बाकावरून उठली. "नष्ट? चारशे?" मॅडमनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"माल सदोष म्हणून परत आला, याचा ग्राहक कंपनीकडून काही कागद?" मॅडमनी विचारलं.

"तोंडी कळवलं होतं."

"आणि तुम्ही म्हणता," मॅडम माझ्याकडे वळल्या, "ऑर्डर आधीच रद्द झाली होती. कशावरून?"

 नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटलो असतो. ती चार पावलांवर उभी होती, छातीशी फायली धरून. घरात एकटी कमावती. मी एका सहीने सव्वीस जणींना अडकवलं होतं, सत्ताविसावी नको. मी म्हटलं, "मला माहीत आहे. पण माझ्याकडे कागद नाही."

"मग अवघड आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण काढलं.

 हर्षलाने फायली टेबलावर ठेवल्या. सगळ्यात खालची काढली, उघडली, एक कागद सुटा केला आणि साहेबांच्या पुढून हात नेऊन मॅडमच्या समोर ठेवला.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"नोव्हेंबरचं पत्र," ती म्हणाली. "आणि ते इंग्रजी पान मी टाइप केलंय, मॅडम. साहेबांनी सांगितलं तसं. रोहिणीताईंचं मराठी पानही याच फाईलमध्ये आहे, जुळवून बघा." तिने शब्द एकही गाळला नाही.

मॅडमनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. तारखेखाली रेघ मारली. साहेबांचा वकील वेळ मागायला लागला तेव्हा म्हणाल्या, "कशासाठी? तारीख बदलायला?"

नोटीस मागे घ्यायला लावली. विभाग बंद होतोय तो धंदा बसल्यामुळे, असं नोंदवलं. कुणाच्या नावावर गैरवर्तन नाही, हक्काचं आहे ते सगळ्यांना मिळेल. माझ्या खुणांबद्दल मला लेखी ताकीद. ती योग्यच आहे.

बाहेर आल्यावर बायका हर्षलाभोवती जमल्या. ती पायरीवर बसून रडत होती आणि हसत होती. मीही गेले. मग चहाच्या टपरीपाशी आवडीताई एकटी दिसली, तिच्याकडे गेले. मला वाटलं आता ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलेल.

ती म्हणाली, "तू खोटं लिवलंस त्याचं मला काय वाटत नाय, बाय. ट्रक उबा आसल तर मीबी लिवलं आसतं."

मी थांबले.

"पन तुला वाटत व्हतं ना, आमी तुज्यामुलं बुडतोय? दोन मयने वाटत व्हतं. माज्या शेजारी बसून जेवत व्हतीस. मी भट्टीचा टेंपो परत लावला तुज्या शब्दावर, तवाबी वाटत व्हतं." तिने कप खाली ठेवला. "मंग सांगायला गेलीस ती सायबाकडं. आमच्याकडं नाय आलीस."

"मला वाटलं, साहेब काहीतरी करतील."

"केलं ना त्यानं."

टेंपो आला. ती गेली.

एवढ्या दिवसांत हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. ही वही चाळून बघितली. खरंच नाही आला. किरणला सांगितलं, साहेबांना सांगितलं. आवडीताई रोज माझ्यासमोर डबा उघडत होती.

१ एप्रिल, रविवार

सकाळीच निघाले. किरण सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. फाट्यापासून वाडीवर चढायला मला दीड तास लागला. त्या जणी रोज हे उतरत होत्या आणि आठच्या भोंग्याला हजर असायच्या.

आवडीताईच्या अंगणात नऊही जणी होत्या. रविवार, मोहाची फुलं वेचून आणलेली, वाळत घातलेली. बसायला कुणी सांगितलं नाही. मी उभ्यानेच सुरुवात केली. डिसेंबरपासूनचं सगळं, त्यांच्यापाशी जे तेव्हाच बोलायला हवं होतं ते. टेंपोच्या दिवशी मी काय लपवलं तेही. मधे थांबले नाही. थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.

संपलं. एकीने फुलं उलटी केली. आवडीताईने आत जाऊन तांब्या आणून माझ्या हातात दिला. मग मी बसले.

मंगळी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "ताई, आता खाली काम हाय का कुटं?"

जानेवारीत हाच प्रश्न आवडीताईने विचारला होता आणि मी विचार न करता उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, मंगळी. खालापूरकडे दोन ठिकाणी रंगकामाला बायका घेतात असं ऐकलंय. खरं की खोटं, किती दिवस, काही माहीत नाही. मी उद्या स्वतःसाठी विचारायला जाणार आहे."

"आमच्यासाटी विचाराल?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. आवडीताई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "ज्यांना यायचंय त्यांनी सोबत या. तुमच्या कानांनी ऐका ते काय सांगतात ते."

त्या आपसात त्यांच्या बोलीत बोलल्या, मला सगळं समजलं नाही. भट्टी हा शब्द दोनदा आला. चार जणी यायच्या ठरल्या, मंगळी त्यात आहे. बाकीच्या बघू म्हणाल्या.

"उंद्या नऊला फाट्यावर," आवडीताई म्हणाली. ती पाचवी. मी उठले तशी तीही उठली आणि वाट दाखवायला अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"बोलायचं आमी," ती म्हणाली. "तू नुस्ती उबी रा."